आठवीतली लेक, गोरं करणारी क्रीम आणि घरातलं लग्न. काय करू?

नाशिकची_माय | २१ डिसेंबर, रात्री ११:४०

जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या, कुणाला सांगावं कळत नव्हतं.

माझी लेक आठवीत आहे. रंगाने सावळी, माझ्यासारखी. आत्तापर्यंत तिला त्याचं काही नव्हतं, दिवसभर ग्राउंडवर कबड्डी खेळायची, घरी आली की पाय धुवून सरळ जेवायला बसायची. १४ तारखेला शाळेचं गॅदरिंग झालं. मेकअपवाल्या ताई आल्या होत्या, पन्नास-साठ मुलं, एकच स्पंज आणि एकच डबी सगळ्यांना. लेकीला दोन-तीन शेड गोरं करून पाठवलं, मानेवर रेघ दिसत होती, कान वेगळ्याच रंगाचे. मला बघून कसंतरी झालं, पण सगळे म्हणायला लागले किती गोड दिसतेय आज, आणि तिने ते ऐकलं. घरी आल्यावर रात्री साडेअकरापर्यंत मेकअप पुसू देईना. सकाळी उठली तर गालावर पुरळ.

तेव्हापासून चालूच आहे. दिवसातून पाच-सहा वेळा फेसवॉशने तोंड धुते, आधीच नाशिकची थंडी, गाल फुटलेत, ओठांच्या कडेला भेगा पडल्यात. सुट्टी लागली तर गावाला हुरड्याला यायला तयार नाही, शेतात उन्हात काळी होईन म्हणते. मागच्या वर्षी हीच मुलगी आगटीजवळून हलत नव्हती, हात भाजेपर्यंत कणसं चोळत बसली होती.

आता खरा प्रश्न. २५ ला हळद आणि २६ ला मोठ्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न आहे संगमनेरजवळ गावी. माझी लेक करवली. जाऊबाईंनी दहा दिवसांपूर्वी तिला एक डबी दिली, तू नवरीच्या मागे करा घेऊन उभी राहणार, सगळ्या फोटोत येणार, आत्तापासून लाव. त्यांच्या ओळखीच्या पार्लरवाल्या बाई देतात म्हणे, आठ दिवसांत फरक. पांढरी प्लॅस्टिकची डबी, त्यावर काहीही लिहिलेलं नाही, ना कंपनी ना तारीख. पुतणी स्वतः तीच लावते, लग्न ठरल्यापासून म्हणजे तीनेक महिने. आणि खरंच उजळली आहे ती, खोटं कशाला बोलू.

मला आजच कळलं की लेक रोज रात्री लपून लावतेय. मी चिडले, ती रडली. मी म्हणलं अगं विठोबा पण सावळाच की, सगळा महाराष्ट्र पाया पडतो. तर म्हणाली, विठोबाला कुणी फोटोत मागे सरक म्हणत नाही आई. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

क्रीम बंद कशी करू, आणि जाऊबाईंना न दुखवता कशी करू? लग्नात थोडा मेकअप करू द्यावा का? तिचे बाबा म्हणतात एवढ्या लहान वयात काही नको, पूर्ण बंद. सासूबाई म्हणतात लावू दे की, पुढे लग्नाला उपयोगच होईल. मी मधल्यामधे.

---

शुभदा_डोंबिवली | २२ डिसेंबर, सकाळी ७:०५

तुमच्या लेकीचं ते वाक्य वाचून मी चहा तसाच ठेवला.

मी २६ वर्षं शाळेत शिकवलं, आता रिटायर झाले. एक कबूल करते, पाहुण्यांच्या स्वागताला आरतीचं तबक घेऊन कुठल्या मुली उभ्या करायच्या हे आम्हीच ठरवायचो आणि आम्ही गोऱ्या मुली निवडायचो. कुणी तसा नियम केला नव्हता. बोट आपोआप तिकडेच जायचं. नाटकात परी गोरी, राक्षसीण सावळी. एका वर्षी पाचवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली बाई, मला पावडर लावून पाठवलं तर घ्याल का. त्यानंतर मी चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली, पण त्याआधीच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचं काय. त्यातल्या कितीतरी जणींचे चेहरे मला अजून आठवतात.

म्हणून सांगते, हा हट्ट म्हणून घेऊ नका. तिला कुणीतरी मागे सरक म्हणालेलं आहे. कधी, कुठे, कोण, ते शांतपणे विचारा. भांडायला नको, नुसतं माहीत असू दे. आणि शाळा उघडली की मुख्याध्यापकांना लेखी द्या, एकच स्पंज साठ मुलांना फिरवणं हे आरोग्याच्याही दृष्टीने चूक आहे, डोळे येण्यापासून कातडीच्या संसर्गापर्यंत बरंच काही पसरू शकतं.

---

औषधवाला_जळगाव | २२ डिसेंबर, सकाळी ९:३०

ताई, बाकीचं नंतर. ती डबी आजच बंद करा. मी फार्मासिस्ट आहे, दुकान आहे, हे रोज बघतो म्हणून स्पष्ट लिहितो.

बिन लेबलच्या गोरं करणाऱ्या क्रीममध्ये साधारण दोन गोष्टी सापडतात. एक स्टेरॉइड. सुरुवातीला आठ-दहा दिवसांत चेहरा तुकतुकीत होतो, मग कातडी पातळ होते, उन्हात गेलं की लालबुंद, पुटकुळ्या, बारीक लव येते, आणि क्रीम सोडली की जास्तच भडकतं म्हणून माणूस परत लावतो. २०१८ ला सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली तरी लोक रिकामी ट्यूब दाखवून मागतात, नाही दिली तर समोरच्या दुकानात जातात.

दुसरा पारा, मर्क्युरी. पारा कातडीतला रंग तयारच होऊ देत नाही म्हणून फरक इतक्या पटकन दिसतो. वास नाही, डोळ्यांना दिसत नाही. तो कातडीतून रक्तात जातो आणि किडनीला धरतो. अकोल्याची केस आठवत असेल कुणाला, २०२३ च्या सुरुवातीला बातमी होती. बायोटेक शिकणारी मुलगी, तिने स्थानिक ब्युटिशियनकडून क्रीम आणली, घरातल्या आई आणि बहिणीनेही लावली, तिघींच्या किडन्यांना त्रास झाला आणि मुंबईच्या केईएममध्ये तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. केरळातही मलप्पुरम भागात अशा बऱ्याच केसेस निघाल्या. आपल्या कायद्यात साध्या क्रीममध्ये पारा दहा लाखांत एक भाग, तोही चुकून राहिलेला, एवढाच चालतो. मिनामाता करार म्हणून जो पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतही त्यात आहे, तिथे २०२३ ला ठरलं की २०२५ पर्यंत सौंदर्यप्रसाधनांतून पारा पूर्ण काढायचा. पण डबीवर नावच नसेल तर कायदा पकडणार कुणाला.

तुमच्या डबीत पारा आहेच असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण मला लेकीपेक्षा पुतणीची जास्त काळजी वाटते. तीन महिने म्हणालात ना? तिला विचारा संध्याकाळी पाय सुजतात का, सकाळी डोळ्यांखाली सूज असते का, लघवीला फेस येतो का. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दहा सेकंद दाबून बघा, खड्डा पडून तसाच राहिला तर लग्नाची वाट बघू नका. लघवीची साधी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते, शंभर-दोनशे रुपयांत. मुलगी लग्न होऊन जाणार आहे, उद्या दिवस राहिले तर पारा बाळापर्यंत जातो, हेही जाऊबाईंना सांगा.

डबी टाकू नका. बेसिनमध्ये धुऊ नका. झाकण घट्ट लावून दोन पिशव्यांत बांधून ठेवा, डॉक्टरांना दाखवायला लागेल आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात तक्रार करायला पण. उशीचा अभ्रा, टॉवेल वेगळे काढा, पारा त्यावरून घरातल्या बाकीच्यांनाही लागतो.

---

कमलआजी | २२ डिसेंबर, दुपारी १:१५

आठवीच्या मुलीला मेकअप कशाला हवा मुळात. आमच्या वेळी दुधावरची साय आणि डाळीचं पीठ, एवढ्यावर संसार झाले. हल्ली मोबाईलवर बघून बघून मुली बिघडल्या. आईने एकदा ठामपणे नाही म्हणावं, दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी विसरेल.

---

तगर_लातूर | २२ डिसेंबर, दुपारी ३:५०

आजी, राग मानू नका, पण विसरत नाही हो. मी आता २३ वर्षांची आहे आणि मला तारखेनिशी आठवतं.

संक्रांतीला सगळे काळं घालतात, वर्षातला तेवढाच एक सण काळ्या कपड्यांचा. मी सातवीत होते, आत्याने घरातल्या सगळ्या मुलींना काळे चंद्रकळेचे फ्रॉक शिवले, मला मात्र पिवळा. म्हणाली तुला काळं नको बाळा, अजून काळी दिसशील. प्रेमाने म्हणाली, डोक्यावरून हात फिरवत. तिळगूळ वाटताना सगळ्या बहिणी एका रांगेत काळ्या आणि मधे मी पिवळी. तो फोटो अजून आजोळच्या भिंतीवर आहे. त्यानंतर मी डाळीचं पीठ पण लावलं, लिंबू पण लावलं, लिंबाने गाल इतके चुरचुरले की दोन दिवस झोपले नाही. डाळीचं पीठ लावण्यामागेही तेच होतं आजी, उजळ व्हायचं.

मला बरं कधी वाटलं ते सांगते, नाशिकच्या ताईंना उपयोग होईल. अकरावीत मामीने मला सोबत नेऊन माझ्या रंगाची एक लिपस्टिक घेऊन दिली, मरून, विटकरीकडे झुकणारी. दुकानात हातावर लावून, बाहेर उजेडात येऊन, आरशात बघून. गोरी दिसण्यासाठी काही घ्यायचं हा विषयच मामीने काढला नाही, तुला काय शोभतं ते शोधू एवढंच म्हणाली. पहिल्यांदा कुणीतरी माझ्या चेहऱ्याकडे त्यात काय दुरुस्त करायचं हे न शोधता बघितलं होतं. त्यामुळे मेकअप पूर्ण बंद करू नका असं मला मनापासून वाटतं. बंद केला तर ती परत लपून त्या डबीकडेच जाईल.

---

नाशिकची_माय | २३ डिसेंबर, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. जळगावच्या दादांचं वाचून काल माझे हातपाय गार पडले.

जाऊबाईंशी न बोलता मी आधी सरळ पुतणीला फोन केला. पायांचं विचारलं तर म्हणाली हो काकू, महिनाभर सुजतात, खरेदीला फिरून फिरून असेल. साखरपुड्याची अंगठी पण घट्ट झालीये, साबण लावून काढावी लागली. आज सकाळीच आम्ही गावी आलो. ती पाटावर बसली होती, पायात मोजे, मोजे काढले तर इलॅस्टिकची खोल खूण. मी नडगीवर अंगठा दाबला आणि मनात दहा आकडे मोजले. अंगठा काढला तर खड्डा तसाच. वाटाण्याएवढा. ती माझ्याकडे बघत होती आणि मी त्या खड्ड्याकडे, भरेचना.

मग जाऊबाईंना आतल्या खोलीत नेलं. तुम्ही असं केलंत वगैरे एक शब्द बोलले नाही, फक्त पाय दाखवला आणि अकोल्याचं सांगितलं. आधी म्हणाल्या घरात मांडव पडलाय आणि तू हे काय काढलंस. मग गप्प झाल्या. मग स्वतःच गाडी काढायला सांगितली. संगमनेरला डॉक्टरांनी लघवी तपासली, प्रोटीन तीन प्लस, म्हणजे खूप. बीपी पण थोडं जास्त. क्रीम ताबडतोब बंद, मीठ कमी, रक्ताचे रिपोर्ट पाठवलेत, लग्न होऊ द्या म्हणाले पण पुढच्या सोमवारी किडनीच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. लेकीची पण तपासणी केली, तिचं नॉर्मल आहे. मी दवाखान्याच्या बाहेर येऊन रडून घेतलं.

येताना गाडीत जाऊबाई एवढंच म्हणाल्या, मुलाकडच्यांनी बघायला आले तेव्हा विचारलं होतं, मुलगी पोस्टकार्ड फोटोपेक्षा सावळी आहे का म्हणून. ते त्यांनी तीन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता मुलाकडच्यांना सांगायचं की नाही यावर घरात खल चाललाय. माझं मत सांगायचं असं आहे, आणि आजच सांगायचं. आणि परवा हळद आहे, लेकीचे गाल अजून फुटलेलेच आहेत, त्यावर हळद चालेल का, मेकअप चालेल का, कुणी सांगेल का?

---

ब्रायडलवाली_कोल्हापूर | २४ डिसेंबर, सकाळी ६:४५

मी बारा वर्षं नवऱ्यांचा, म्हणजे नवरी मुलींचा मेकअप करते. उत्तर लगेच देते कारण वेळ कमी आहे.

फुटलेल्या गालावर हळद नको, कपाळाला आणि हाताला बोट लावा, झाला शकुन. आंघोळ कोमट पाण्याने, गरम नको, तोंडाला साबण-फेसवॉश दोन दिवस अजिबात नको. तोंड टिपून ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, ओठांना आणि गालाच्या फुटलेल्या कडांना व्हॅसलीन, दिवसातून चार वेळा. दोन दिवसांत पूर्ण भरणार नाही पण खाज आणि ताण जाईल.

२६ ला फाउंडेशन लावूच नका. त्या वयाच्या कातडीला गरज नसते आणि फुटलेल्या जागी ते पापुद्र्यासारखं दिसतं. काजळ तिचं स्वतःचं, नवं, दुसऱ्या कुणाचं नको. ओठांना रंग, तगरने लिहिलंय तसा मरून किंवा जांभळाकडे जाणारा, सावळ्या रंगावर फिक्या गुलाबीने ओठ पांढुरके दिसतात, बहुतेक सावळ्या मुलींना दुकानात नेमकं तेच खपवतात. केसात अबोली किंवा शेवंती. रात्री खोबरेल तेलाने काजळ काढून मगच झोपायचं.

नवरीचं पण लिहिते. पार्लरवालीला आधीच सांगा की शेड जबड्याच्या रेषेवर लावून बघायची, उजेडात, मनगटावर नाही. गळा आणि चेहरा एकच दिसला पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ आया म्हणतात दोन शेड वर जा. मी आधी जायचे. नाही गेले तर पुढची ऑर्डर जायची, पोटाचा प्रश्न होता. गेली चार वर्षं जात नाही, सुरुवातीला खरंच काही ऑर्डरी गेल्या. आता मी नवरीला एकटीला बसवून विचारते तुला काय हवंय, आणि बऱ्याच मुली हळू आवाजात म्हणतात, ताई, माझ्यासारखीच दिसू दे.

आणि फोटोग्राफरशी बोला! हे कुणी करत नाही. आम्ही रंग जुळवून ठेवतो आणि अल्बमला ते सगळे चेहरे पांढरे करून टाकतात, वर आणि विचारतही नाहीत.

---

कमलआजी | २४ डिसेंबर, सकाळी ११:००

नाशिकच्या मुली, कालचं वाचलं. काल रात्री झोप लागली नाही मला. मुलाकडच्यांना सांगून टाक, लपवून केलेलं लग्न पुढे जाचतं. आणि तगर, तुझं खरं आहे. माझ्या लग्नात मला पुढे उभं केलं होतं आणि थोरल्या बहिणीला पाहुणे येणार म्हणून मळ्यात पाठवलं होतं, तिला दाखवली तर मला नकार येईल म्हणून. ती सावळी होती. चाळीस वर्षं ती माझ्याशी कधी त्याविषयी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

---

नाशिकची_माय | २९ डिसेंबर, दुपारी ४:३०

लग्न झालं. उशीर झाला लिहायला, पाहुणे कालच गेले.

मुलाकडच्यांना २४ च्या संध्याकाळी जाऊबाई आणि भाऊजी स्वतः जाऊन सांगून आले. सासरे दहा मिनिटं काही बोलले नाहीत म्हणे. मुलगा म्हणाला मी सोमवारी सोबत येतो दवाखान्यात. त्याच्या आईने काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, चांगलं नव्हतं, पण लग्न मोडलं नाही. फोटोपेक्षा सावळी आहे का हे त्याच्याच घरातून विचारलं होतं हे मुलाला तेव्हाच कळलं, त्याचा चेहरा पडला होता असं भाऊजी सांगत होते.

क्रीम बंद केल्यावर पुतणीच्या गालावर लाली आणि पुळ्या आल्या, त्यात स्टेरॉइड पण असावं असं डॉक्टरांना वाटतंय. पार्लरवालीला दोन शेड वर जाऊ नको म्हणून पुतणीनेच सांगितलं. जाऊबाई शेजारीच उभ्या होत्या, काही म्हणाल्या नाहीत, हातातल्या हिरव्या चुड्याशी खेळत राहिल्या.

लेकीबरोबर २४ ला संगमनेरच्या बाजारात गेले. तिने पाच-सहा रंग हाताला लावून बघितले, दुकानाबाहेर उन्हात उभी राहून, आणि ऊन लागेल हे विसरून चांगली वीस मिनिटं. एक गडद मरून घेतला. मांडवात करा घेऊन उभी राहिली, काजळ, तो मरून रंग, केसात अबोली. गाल फुटलेले दिसत होते, दिसू देत. शुभदाताई, तुम्ही सांगितलं तसं मी विचारलं, कोण म्हणालं होतं मागे सरक. गॅदरिंगला ग्रुप फोटो काढताना एका बाईंनी म्हटलं होतं, कारण लाईट तिच्यावर नीट पडत नव्हता. शाळा उघडली की मी जाणार आहे, अर्ज लिहून झालाय.

डबी दोन पिशव्यांत बांधून गॅलरीत ठेवली आहे. उद्या सोमवारी पुतणी आणि जावई किडनीच्या डॉक्टरांकडे जातील तेव्हा सोबत देणार, आणि मग नगरच्या औषध प्रशासनाच्या ऑफिसात. जाऊबाई म्हणाल्यात त्या स्वतः येणार तक्रारीला. गावातल्या आणखी चार मुली तीच क्रीम लावतात, त्यांच्या घरी काल त्याच जाऊन आल्या.

फोटोग्राफरचं मी विसरून गेले होते. लेक विसरली नव्हती. निघताना तिने त्याला गाठलं आणि म्हणाली दादा, अल्बममधे ताईचा आणि माझा रंग बदलायचा नाही. तो हसला, म्हणाला बरं. ती म्हणाली लिहून घ्या. त्याने वहीत लिहून घेतलं तेव्हाच गाडीत येऊन बसली.